‘पोट साफ होत नाही’ म्हणजे नेमके काय? शौचाच्या बदललेल्या सवयी आणि पोटाच्या तक्रारी समजून घेण्यासाठी

ठाण्यात नौपाड्यातील एखाद्या औषधाच्या दुकानासमोर सायंकाळी दहा मिनिटे उभे राहिले, तर ‘पोट साफ होत नाही, काहीतरी द्या’ हे वाक्य हमखास कानांवर पडते. दुकानदार चूर्णाचा डबा पुढे सरकवतो, गिऱ्हाईक पैसे देते आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक हे वाक्य बोलणाऱ्या पाच जणांच्या तक्रारी पाच प्रकारच्या असू शकतात. एकाला तीन-तीन दिवस शौचास होतच नाही. दुसऱ्याला रोज होते, पण खडा होतो आणि जोर करावा लागतो. तिसऱ्याला मऊ होते, तरीही काहीतरी आत राहिल्यासारखे वाटते. चौथ्याचे पोट जेवणानंतर ढोलासारखे ताठ होते. आणि पाचव्याला सकाळपासून चार वेळा थोडे थोडे जावे लागते. या पाचही जणांना एकच चूर्ण लागू पडणे शक्य नाही, आणि त्यांतल्या एक-दोघांना तर त्याने अपायच होईल. आपली तक्रार यांपैकी कोणती आहे हे शोधून काढणे म्हणजे निम्मे काम झाले असे मी मानतो.

मी डॉक्टर नाही. राहायला ठाण्यात आणि नोकरीला ऐरोलीत असलेला नोकरदार आहे. आधी स्वतःच्या पोटाने आणि नंतर वडिलांच्या आजारपणाने या विषयात जे शिकवले, जे डॉक्टरांना विचारून आणि वाचून पक्के करून घेतले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

पायरी पहिली : थांबायचे नाही अशा खुणा आधी पाहा

पुढचे सगळे सावकाश वाचण्यासारखे आहे, हे नाही. पोटात असह्य कळ, वारंवार उलट्या, पोट ताठ फुगलेले आणि शौच तर सोडाच, गॅसही सुटत नाही, अशी अवस्था असेल तर आतड्यात अडथळा असण्याची शक्यता असते. बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकणारी कळ अपेंडिक्सची असू शकते. अशा वेळी ‘एकदा पोट साफ झाले की बरे वाटेल’ म्हणून एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. ती येथे घातक ठरते. डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे शौच, मोठ्या प्रमाणात रक्त पडणे, जुलाबांबरोबर जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, रुग्ण झापडीत जाणे, लहान मुलाचे डोळे खोल गेलेले दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांनी एक हिशेब वेगळा धरावा : सायंकाळच्या कोंडीत तास सहज जातो, म्हणून ‘आणखी थोडा वेळ पाहू’ म्हणताना हा तासही हिशेबात धरूनच निर्णय घ्यावा.

पायरी दुसरी : आपले नेहमीचे काय, ते ठरवा

रोज सकाळी एकदा, तेही चहानंतर लगेच, हाच आरोग्याचा एकमेव नमुना आहे असा आपला समज असतो. वैद्यकशास्त्र मात्र दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा या सगळ्या अंतराला सर्वसाधारण मानते, अट एवढीच की शौच त्रासाविना व्हावे. म्हणजे एक दिवसाआड मऊ आणि सहज होणाऱ्या माणसाला बद्धकोष्ठ नाही, आणि रोज अर्धा तास जोर करून चार खडे काढणाऱ्याला आहे. शेजाऱ्याशी किंवा जोडीदाराशी तुलना करून काही कळत नाही. तुलना आपल्याच मागच्या वर्षाशी करायची असते.

हा वेळ ठरतो कसा, हे थोडक्यात सांगितले तर पुढचे समजायला सोपे जाईल. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते आणि मोठे सुमारे दीड मीटर. खाल्लेले, प्यायलेले आणि शरीराने स्वतः सोडलेले पाचक रस मिळून रोज नऊ लिटरच्या आसपास द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला एक-दीड लिटर मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि तेथे शोषला जाऊन शौचातून जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो. मोठ्या आतड्यात मल जितका जास्त वेळ रेंगाळेल तितका कोरडा होईल, घाईने पुढे सरकला तर पातळ राहील; बद्धकोष्ठ आणि जुलाब यांमागचा मुख्य हिशेब हाच आहे. मोठे आतडे रात्री झोपेत मंदावते, जाग आल्यावर चाळवते आणि जठरात अन्न पडले की आणखी जोर धरते. सकाळचा चहा-नाश्ता झाला की शौचाची भावना होते ती यामुळे. त्यात चहाच्या एखाद्या विशिष्ट कंपनीचा काही गुण नाही.

आणि नेमक्या याच वेळी आपल्याकडचा माणूस लोकल पकडायला निघालेला असतो. एका शौचालयाच्या घरात चार माणसे, बाहेरून कडी वाजते आहे, सव्वासातची गाडी चुकली तर पुढचे सगळे चुकणार, म्हणून आलेली भावना दाबून माणूस घराबाहेर पडतो. ही भावना दहा-पंधरा मिनिटांत ओसरते. मल मात्र आतच राहतो आणि दिवसभर सुकत जातो. असे महिनोन्महिने चालले की गुदाशयाला इशारा देण्याची सवयच मंदावते. स्थानकावरच्या शौचालयात जायला लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. महापे-रबाळेच्या पट्ट्यात आळीपाळीच्या पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचे आतड्याचे घड्याळ तर दर आठवड्याला फिरते.

पायरी तिसरी : दोन आठवडे नोंद ठेवा

मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट कोणतेही औषध नव्हती, तर बावीस रुपयांची वही होती. तिच्यात रोज लिहायचे ते एवढेच : शौचाची वेळ, शौचाचा प्रकार, जोर करावा लागला का, पूर्ण झाल्यासारखे वाटले का, पोट कधी आणि कोठे दुखले, शौचानंतर दुखणे कमी झाले की वाढले, काय खाल्ले, कोणती औषधे घेतली, झोप किती झाली, स्त्रियांनी पाळीचे दिवसही लिहावेत, कारण पाळी सुरू होताना शौच सैल होणे पुष्कळदा स्वाभाविक असते.

प्रकार लिहिण्यासाठी डॉक्टर जगभर एक तक्ता वापरतात. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील रुग्णालयात तो तयार झाला आणि १९९७ साली प्रसिद्ध झाला, म्हणून त्याला ब्रिस्टल तक्ता म्हणतात. पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे. दुसरा, तेच खडे एकमेकांना चिकटून झालेला ओबडधोबड लांबट गोळा. तिसरा, वरून भेगा पडलेला लांबट. चौथा, केळ्यासारखा गुळगुळीत आणि मऊ. पाचवा, कडा स्पष्ट असलेले मऊ तुकडे. सहावा, कडा विस्कटलेला चिखलासारखा. आणि सातवा, निव्वळ पाणी. तिसरा-चौथा असेल तर उत्तम, पहिले दोन बद्धकोष्ठाचे, शेवटचे दोन जुलाबाचे. डॉक्टरांसमोर ‘म्हणजे तसे पातळ, पण अगदी पातळ नाही’ असे चाचरत बोलण्यापेक्षा ‘गेले दहा दिवस सहावा प्रकार, दिवसातून तीनदा’ असे सांगितले की पुढचा प्रश्न लगेच नेमका येतो.

माझ्या वहीतील एक पान नमुन्यादाखल देतो. ‘मंगळवार. ६.१० चहा. ६.२५ भावना झाली, बाथरूम रिकामे नव्हते. ७.१५ गाडी. दुपारी काही नाही. रात्री ९.४० शौच, प्रकार १, जोर केला, अपुरे वाटले. पोट सायंकाळी सहापासून फुगलेले.’ बुधवारचे पान जवळजवळ हेच. गुरुवारी घरून काम होते : ‘८.०५ पोहे, ८.३० शौच, प्रकार ४, तीन मिनिटे.’ नवव्या दिवशी मी सगळी पाने एकापुढे एक ठेवून वाचली तेव्हा घरून काम केलेल्या प्रत्येक दिवशी तिसरा-चौथा प्रकार आणि कार्यालयाच्या प्रत्येक दिवशी पहिला-दुसरा, हे इतके ढळढळीत दिसले की त्यापूर्वी दोन वर्षे मी पित्त, वात आणि उपाहारगृहातील तेल यांना उगाच दोष देत होतो याचे हसू आले. उपाय म्हणून गजर पाऊण तास अलीकडे आणला, बाकी काही नाही.

पायरी चौथी : रंग आणि रक्त

हा भाग वाचताना अनेकांना संकोच वाटेल, परंतु शौचानंतर पाणी ओतण्यापूर्वी एकदा पाहणे ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. तपकिरी रंगाच्या सर्व छटा चालतात. पालेभाजी जास्त खाल्ली किंवा मल घाईने पुढे सरकला तर हिरवट छटा येते. बीटाच्या कोशिंबिरीनंतर लालसर दिसले तर घाबरून जाऊ नये. दोन दिवसांत ते जायला हवे. लोहाच्या गोळ्या चालू असताना शौच काळपट-हिरवट होते, पण ते घट्ट असते आणि त्याला वेगळा वास नसतो. जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव झाला तर ते रक्त पचून काळे होते. असे शौच चकाकणारे आणि चिकट असते, भांड्याला डांबरासारखे लागून राहते आणि त्याची दुर्गंधी विसरता येत नाही. गुडघेदुखीसाठी मनाने वेदनाशामक गोळ्या घेत राहणाऱ्या वयस्कर माणसांत हे विशेषतः लक्षात ठेवावे. शौच पांढुरक्या मातीच्या रंगाचे, लघवी गडद आणि डोळे पिवळे असतील तर पित्ताच्या मार्गात अडथळा किंवा कावीळ असण्याची शक्यता असते. काविळीसाठी माळ घालणे किंवा उतारा करणे यात दिवस घालवू नयेत.

लाल रक्ताविषयी जास्त लिहितो, कारण घरात चूक याच ठिकाणी झाली. शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखी वेदना आणि मलावर रक्ताची रेघ असेल तर बहुधा गुदचीर म्हणजे फिशर असते. न दुखता शेवटी थेंब थेंब रक्त पडणे हे मूळव्याधीचे नेहमीचे लक्षण. परंतु ‘बहुधा’ आणि ‘नक्की’ यांत तपासणीचे अंतर असते. माझ्या वडिलांना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अधूनमधून रक्त पडू लागले. एका दवाखान्यात, गुदद्वाराची तपासणी न करताच, मूळव्याध म्हणून मलम आणि चूर्ण दिले गेले, आणि आम्हीही ते आठ महिने निमूटपणे चालू ठेवले. त्या काळात शौच मधूनच पातळ, मधूनच बारीक होत होते. जिना चढताना धाप लागत होती, ती आम्ही वयावर ढकलली. शेवटी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ८.४ निघाले. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. येथे एवढेच : मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरा आजारही असू शकतो, आणि रक्ताबरोबर शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर केवळ मूळव्याधीवर समाधान मानू नये.

पायरी पाचवी : अलीकडे काय बदलले, ते आठवा

तक्रार सुरू होण्याच्या आधीच्या महिन्याभरात काय नवीन झाले, याची यादी करताना सर्वप्रथम औषधांचा डबा उघडावा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामके, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनी बद्धकोष्ठ होते. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन, प्रतिजैविके आणि मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधे यांनी शौच सैल होते. मात्र संशय आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना फोन करून विचारले तर बहुतेक वेळा मात्रा, वेळ किंवा औषधाचा प्रकार बदलून काम भागते. थायरॉइड मंदावला तर आतडेही मंदावते आणि थायरॉइड वाढला तर शौचाच्या फेऱ्या वाढतात. फार वर्षांच्या मधुमेहात आतड्याच्या नसा बिघडून दोन्ही प्रकार आलटून पालटून होतात.

नंतर खाण्याकडे वळावे. श्रावणात किंवा नवरात्रात लागोपाठ उपवास झाले आणि बद्धकोष्ठ झाले, तर कारण साबुदाण्यात शोधावे, कारण त्यात तंतुमय भाग जवळजवळ नसतोच. खिचडीतले दाण्याचे कूट तेवढे कामाचे. गणपतीला कोकणात गेल्यावर दोन-तीन दिवस पोट बंद राहणे हे प्रवास, बदललेली वेळ आणि परके शौचालय यांचे फळ असते, आजार नव्हे.

पाण्याचा प्रश्न पावसाळ्यात विशेष. नवी मुंबईला मोरबे धरणाचे आणि ठाण्याला मुख्यत्वे भातसा नदीचे पाणी शुद्धीकरण होऊन मिळते, पण ते आपल्या पेल्यात येण्याआधी सोसायटीच्या भूमिगत टाकीत आणि गच्चीवरच्या टाकीत मुक्काम करते, आणि टंचाईच्या दिवसांत त्यात टँकरचे पाणीही मिसळते. एकाच इमारतीतील तीन-चार घरांत एकाच आठवड्यात जुलाब सुरू झाले तर ‘बाहेरचे खाल्ले असेल’ असे म्हणून सोडून न देता सचिवांना टाकी उघडून पाहायला लावावी, महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे आणि तोवर पाणी खळखळून उकळूनच प्यावे. टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख सोसायटीच्या फळ्यावर लिहिलेली असावी, असा आग्रह मी आमच्या सभेत दोनदा धरला. दोन्ही वेळा चर्चा वाहनतळाकडे वळली.

पायरी सहावी : कडक होत असेल तर

सुरुवात वेळेपासून करावी. उठल्यावर काहीतरी कोमट प्यावे, नाश्ता करावा आणि त्यानंतर अर्ध्या तासात, भावना असो वा नसो, पाच-दहा मिनिटे बसावे. मोबाइल बाहेर ठेवावा. तो आत नेणारा माणूस पाच मिनिटांसाठी जातो आणि पंचवीस मिनिटे बसून गुदद्वाराच्या शिरांवर ताण आणतो. कमोडवर बसणाऱ्यांनी पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा आणि थोडे पुढे झुकावे, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि गुदाशयाचा बाक सरळ होतो. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर हे आपोआप साधत असे.

आहारात दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळी आणि कडधान्ये, गवार, भेंडी, पालेभाज्या आणि पेरू हे आपल्या घरचेच आहेत; शंभर ग्रॅम पेरूतच पाच ग्रॅमहून अधिक तंतू मिळतात. पण आज एक आणि उद्या एकदम पाच वाट्या कडधान्य असा उत्साह केला तर पोट फुगून बसते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. इसबगोल घ्यायचा तर एक-दोन चमचे पूर्ण पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावे. कोरडा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणे धोक्याचे आहे, कारण तो घशात फुगून अडकू शकतो. घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये.

‘नैसर्गिक’ असे लिहिलेल्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चाबूक मारून काम करवून घेते, तात्पुरती चालते, पण आठवड्यापेक्षा जास्त काळ मनाने घेत राहणे बरे नाही. काही चूर्णांत काळे मीठ आणि ज्येष्ठमधही असते, आणि या दोन्हींनी रक्तदाब वाढू शकतो; उच्च रक्तदाबाच्या माणसाने डब्याच्या मागची बारीक अक्षरे भिंग लावून वाचावीत.

मऊ असूनही बाहेर पडत नाही, बोटाने दाब द्यावा लागतो, असे असेल तर दोष मलात नसून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंत असू शकतो. शौचाच्या वेळी सैल पडण्याऐवजी ते आवळले जातात. याला चूर्णाचा उपयोग नाही, बायोफीडबॅक नावाचे स्नायूंचे प्रशिक्षण असते. आणि घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध असतील तर हे अवश्य लक्षात ठेवा : अनेक दिवस शौच न झालेल्या माणसाला अचानक पातळ गळू लागले, तर ते जुलाब नसून आत अडकलेल्या कडक गोळ्याच्या कडेने झिरपणारे पाणी असू शकते. अशा वेळी जुलाब थांबवण्याची गोळी दिली तर अडथळा वाढतो.

पायरी सातवी : पातळ होत असेल तर

अचानक सुरू झालेले जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे किंवा दूषित अन्नामुळे होतात आणि काही दिवसांत आपोआप थांबतात. तोवर काम एकच, गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यावर साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचवले, तेच तत्त्व आज ओआरएस नावाच्या साखर-क्षारांच्या पंचवीस-तीस रुपयांच्या पाकिटात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेले, एक लिटर पाण्यात विरघळवायचे पाकीट घ्यावे आणि ते लिटरभर पाण्यातच विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नये. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांतल्या जास्त साखरेने जुलाब वाढतातही. मऊ भात, वरण, ताक, केळे चालू ठेवावे, उपाशी राहू नये. लहान मुलांना डॉक्टर याबरोबर चौदा दिवस झिंक देतात. जुलाब थांबले तरी तो पूर्ण करावा.

आपल्याकडे पोट बिघडले की ‘अमिबा झाला असेल’ असे निदान शेजारीच करतात आणि दोन प्रतिजैविके एकत्र असलेली गोळी घेतली जाते. साध्या जुलाबात तिचा उपयोग नसतो. रक्त, आव आणि ताप असेल तर औषध लागते, पण ते तपासून. आणि अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी मनाने मुळीच घेऊ नये.

जुलाब बरे झाल्यावर काही आठवडे दूध पचत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. आतड्याच्या अस्तराला सूज आल्याने दुधातील साखर पचवणारे पाचकद्रव्य तात्पुरते कमी झालेले असते. दही-ताक चालते. पातळ शौच चार आठवड्यांहून अधिक टिकले तर त्याला जुनाट म्हणतात, आणि तेथे घरगुती प्रयोगांचा अधिकार संपतो. आतड्याचा क्षयरोग, आतड्याच्या दाहाचे आजार, गव्हातील ग्लूटेन न सोसणे, थायरॉइड, स्वादुपिंडाचा बिघाड अशी कारणे तेव्हा शोधावी लागतात. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब तर कधीच ‘टेन्शनचे’ समजू नयेत.

पायरी आठवी : फुगणे, गॅस आणि आयबीएस

पोट फुगण्याचा संबंध पुष्कळदा कांदा, लसूण, गहू, राजमा, वाटाणा यांतील लहान आतड्यात न शोषल्या जाणाऱ्या साखरेशी असतो. मोठ्या आतड्यातील जिवाणू ती आंबवतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने याच्या आधारे मांडलेला आहार प्रसिद्ध आहे, पण तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवडेच पाळायचा असतो, जन्मभर नव्हे. त्याआधी घाईने जेवणे, सोड्याची बाटली आणि बिनसाखरेचे च्युइंगगम सोडून पाहावे.

गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटदुखी, आणि ती शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या फेऱ्या व प्रकार यांच्याशी जोडलेली, असे चित्र असेल आणि धोक्याची लक्षणे नसतील, तर डॉक्टर आयबीएसचे, म्हणजे ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’चे, निदान करतात. गॅस्ट्रो होऊन गेल्यावर सुमारे दहांपैकी एकाला हा त्रास मागे उरतो. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे मनाचे खेळ’ असे घरच्यांनी म्हणू नये. आतड्याच्या नसा अधिक संवेदनशील झालेल्या असतात आणि दुखणे खरे असते. मात्र पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हे सुरू झाले तर आयबीएस हे पहिले उत्तर नसावे. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रीचे पोट रोज फुगू लागले, थोडे खाऊन पोट भरल्यासारखे वाटू लागले, तर बीजकोशाची सोनोग्राफी करून घ्यावी. गॅस समजून त्यात महिने जातात.

पायरी नववी : डॉक्टरांकडे जाताना आणि तपासण्यांना सामोरे जाताना

बदल तीन-चार आठवडे टिकला, किंवा रक्त, घटते वजन, कमी हिमोग्लोबिन, पोटात गाठ, रात्रीचे जुलाब, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग यांपैकी काही असेल, तर जावेच. वही, औषधांची पाकिटे आणि जुने अहवाल बरोबर न्यावेत. सुरुवात कुटुंबाच्या डॉक्टरांपासून करावी. महापालिकेच्या वाशीतील रुग्णालयाचा किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभागही आहे. डॉक्टर बोटाने गुदद्वाराची तपासणी करू म्हणाले तर लाजून नाही म्हणू नये. दोन मिनिटांची ती तपासणी आमच्याकडे आठ महिने आधीच व्हायला हवी होती. सहसा रक्ताची संपूर्ण तपासणी, थायरॉइड, साखर, शौचाची तपासणी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी सांगतात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे मोठे आतडे नॉर्मल, असे मात्र नाही. आतड्याच्या आतले अस्तर पाहायला कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेली तपासणीच, लागते.

तिची भीती असते ती दुर्बिणीची, खरी कसोटी असते आदल्या दिवसाची. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात; रक्त पातळ करण्याच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांविषयी स्वतंत्रपणे विचारून लिहून घ्यावे. आदल्या दिवशी गाळलेले पदार्थ, म्हणजे भाताची पेज गाळून, शहाळ्याचे पाणी, लिंबूसरबत. सायंकाळपासून पोट साफ करण्याचे द्रावण थोडे थोडे प्यायचे; वडिलांनी ते फ्रिजमध्ये गार करून, मध्ये लिंबाची फोड चोखत संपवले. एकच शौचालय असेल तर त्या रात्री घरच्यांनी शेजाऱ्यांची किल्ली मागून ठेवावी, हा सल्ला मी अनुभवाने देतो. बाहेर पडणारे पाणी शेवटी फिकट पिवळे आणि स्वच्छ दिसायला हवे. गढूळ असेल तर केंद्रात आधी सांगावे, नाहीतर दिसायचे ते दिसत नाही. भूल दिलेली असते, म्हणून परतीला सोबत माणूस आणि रिक्षा हवी. त्या दिवशी गाडी चालवू नये.

वडिलांच्या मोठ्या आतड्यात पंधरा मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मांसल कोंब, निघाला. तो त्याच वेळी काढला, आणि आठवड्याने आलेल्या अहवालात कर्करोग नव्हता, पण पुढे होऊ शकला असता अशा जातीचा होता. त्यांची पुढची तपासणी तीन वर्षांनी आहे. ती तारीख फाइलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. अशा माणसाच्या मुलांनी आणि भावंडांनी चाळिशीला पोहोचल्यावर स्वतःची तपासणी करून घ्यावी असे डॉक्टरांनी सांगितले. मी करून घेतली. धाकटा भाऊ बेलापूरला असतो, एकेचाळिसाचा आहे. त्याची तारीख अजून ठरायची आहे.